पाणचक्कीपर्यंतची सपाट वाट

शेफील्ड
२ मार्च १९९४

प्रिय टेसा,

एकाच वाटेवरून वर्षानुवर्षं चाललं, तर ती वाट आपली होते का? काल माझ्या संध्याकाळच्या वर्गात ग्लेनिस हॅलमबाईंनी हा प्रश्न विचारला. सुऱ्या-चमच्यांच्या कारखान्यात त्यांची हयात गेली, आणि आता साठी उलटल्यावर त्या माझ्याकडे वाचायला शिकताहेत. कुणा जमीनदारानं टेकडीवरची पायवाट बंद केल्याची बातमी आम्ही एकेक शब्द लावत वाचत होतो. बाईंनी ओळीखालचं बोट उचललं आणि विचारलं. मी प्रीस घराण्यातली पहिली पदवीधर ना! ‘शोधून सांगते’ म्हटलं. अजून सापडलेलं नाही. खरं तर तो प्रश्न मला पुरता कळलाय असंही नाही.

तुझं पत्र आणि कात्रण मिळालं. ‘बुधवारची सोपी फेरी’! पोस्टाचं काउंटर दुपारी बंद करून तू गावातल्या म्हाताऱ्यांना फिरवायला नेतेस, त्यात बाबांनाही नेतेस, हे फार चांगलं काम आहे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून चार शब्द धड निघत नाहीत, पण फोटोत कसे मोकळे हसताहेत. आपल्या ब्रॉकवर्डीनच्या चहूबाजूंना चढ आणि कुंपणावरून चढायच्या त्या लाकडी पायऱ्या. चर्चमागच्या फाटकातून ओढ्याच्या कडेनं पाणचक्कीपर्यंत जाणारी वाट तेवढी सपाट. ती निवडलीस हे बरोबर केलंस.

दोनतीन गोष्टी मात्र सांगते, राग मानू नकोस. त्यांना उजवीकडून धरू नये, तो हात त्यांना लुळा वाटतो म्हणून ते चिडतात. ते नारिंगी जाकीट कुणी घातलं? आणि केस कुणी कापले?

फोटोखाली ‘कु. टेसा बेनियन व त्यांचे वडील’ असं छापलंय. ते तुझे मामा आहेत. चूक वर्तमानपत्राची आहे, मला कळतं. पण तू त्यांना कळव. दुरुस्ती छापतात ते लोक.

तुझी,
लिनेट


ब्रॉकवर्डीन
४ एप्रिल

प्रिय लिन,

नाही कळवलं मी काही. फोटोखालचं वाचून दाखवलं तेव्हा मामा इतका हसला की चहा नाकातून आला. त्याला चालतंय, तर तुला काय झालं?

केस मी कापले. जाकीट सेलमधलं, आणि नारिंगीच बरं, धुक्यात हरवला तर सापडतो. आणि उजव्या हाताचं म्हणशील तर तो आता उजवीकडूनच धरू देतो. तू शेवटची आलीस ती नवीन वर्षाला, बाई. माणूस सुधारतो.

बोलणं अजून ‘हो हो’ आणि ‘नाही’ एवढंच. शिव्या मात्र शाबूत आहेत. पाद्रीबाबा परवा ‘कसे आहात रेजिनाल्ड?’ म्हणाले, तर असली अस्सल काढली की शेजारच्या मिसेस बेडोज टाळ्या वाजवायला लागल्या.

एक गंमत सांगते. पाणचक्कीच्या फाटकाशी पोचलं की मामा खिशातून सफरचंद काढतो आणि माझ्यापुढे धरतो, काप म्हणून. मी कापलं की अर्धं स्वतः खातो, अर्धं फाटकाच्या खांबावर ठेवतो आणि तिथून हलतच नाही. सगळे पुढे निघतात, आम्ही दोघं तिथेच. मी म्हणते, मामा, चक्कीवरची घोडी मरून जमाना झाला, कुणासाठी ठेवतोस? तर माझ्याकडे असं बघतो, जसं काही मीच खुळी आहे. तुला काही ठाऊक आहे का?

आणखी एक. चक्कीची मालकीण मिस कॉर्फील्ड वारल्यावर तिच्या भाच्यानं चक्की आणि कुरण विकलं. घेणारे फॅरंट म्हणून लंडनचे गृहस्थ आहेत. गमबूट इतके नवे की आपल्या चिखलालाच लाज वाटावी. बोलायला गोड आहेत. बघू.

टेसा


शेफील्ड
११ मे

प्रिय टेसा,

गोड बोलण्यावर विसंबू नकोस. मी ग्रंथालयात बसून कायदा वाचला. ती वाट सरकारी नकाशावर नोंदलेली नाही, आपण सगळे नुसतेच चालत आलो. पण लोक वीस वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न मागता, कुणाशी दांडगाई न करता एखाद्या वाटेनं चालले, तर कायद्यानं ती लोकांची होते. अट एवढीच की ‘ही वाट तुमची नव्हे’ असं त्या काळात मालकानं कधी दाखवून दिलेलं नसावं. तेव्हा फॅरंटसाहेबांचे आभार मानायला कुणाला पाठवू नकोस. आभार म्हणजे परवानगी घेतल्याची कबुली. आपल्या गावाची सभ्यता आपल्याला महागात पडायची!

यात केवढी मोठी गोष्ट आहे, विचार कर. ज्यांच्याकडे वीतभर जमीन नाही, त्यांनी केवळ पायांनी मिळवलेला हा हक्क. मी वर्गात हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सांगितलं. हॅलमबाई म्हणाल्या, “हे कायद्याचं झालं, पोरी. मी तुला विचारलं होतं.”

सफरचंदाचं म्हणशील तर घोडीसाठीच असेल. फार विचारून त्यांना थकवू नकोस. आणि सगळे पुढे निघाले की तूही निघत जा. त्यांना तिथे थोडं एकटं राहू दे.

लिनेट


ब्रॉकवर्डीन
१९ जून

प्रिय लिन,

वाट बंद झाली. गेल्या महिन्यात, तुझं पत्र आलं त्यानंतरच्या सोमवारी, दोन्ही फाटकांना साखळी आणि पितळी कुलूप. शेजारी पाटी, ‘खासगी’. बुधवारी आम्ही सगळे काठ्या घेऊन चर्चमागे उभे, जसं काही दुकान उघडायची वाट बघतोय. मामानं ती साखळी हातात घेतली आणि किती तरी वेळ नुसती खुळखुळवत राहिला.

तू लिहिलेल्या कायद्याच्या आधारानं मी काउंटीच्या कचेरीत अर्ज केला. गावातल्या झाडून सगळ्यांनी लिहून दिलं, लहानपणापासून चालतो म्हणून. मला वाटलं, जिंकलो. तर फॅरंटांच्या वकिलानं मिस कॉर्फील्डच्या भाच्याचं पत्र पुढे केलं. तो म्हणतो, मावशी दर नाताळच्या दिवशी दोन्ही फाटकांना कुलूप लावायची. वर्षातून एक दिवस का होईना, वाट बंद करून तिनं आपली मालकी दाखवली. मग वीस वर्षांचं सगळं मुसळ केरात.

आता सांग, नाताळला आपल्या गावात कोण उंबऱ्याबाहेर पडतं? सगळे भाजलेल्या टर्कीभोवती. कुलूप होतं की नव्हतं, छातीवर हात ठेवून कुणालाच सांगता येईना. आणि मिस कॉर्फील्ड कसली कुलूप लावतेय, ती स्वतःच्या घराला लावायची नाही! पण ते पुराव्यात बसत नाही. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, एका जरी माणसानं शपथेवर सांगितलं की आपण दरवर्षी नाताळला तिथून गेलो आणि फाटकं उघडी होती, तर चित्र पालटेल.

मामाला विचारलं. तो ‘हो हो’ म्हणाला, जोरजोरात. पण चहा की बिअर विचारलं तरी तो ‘हो हो’च म्हणतो, त्याची साक्ष कोण धरणार?

तुला कुणी आठवतं का? तुझं डोकं चांगलं आहे. आता आम्ही फिरतो ते डांबरी रस्त्याच्या कडेनं. मला ते आवडत नाही.

टेसा


शेफील्ड
३० जून

प्रिय टेसा,

नाताळच्या सकाळी कोण चालणार ग? माझ्या तरी कुणी लक्षात येत नाही. जुन्या पोस्टमनला विचारून बघ.

इथे परीक्षा आहेत. घाईत लिहिते आहे. बाबांना जपून ने.

लिनेट


ब्रॉकवर्डीन
१४ सप्टेंबर

लिनेट,

मामा बरा आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचशील. शुक्रवारी रस्त्यानं चाललो होतो. वळणावर दुधाचा टँकर आला. मी त्याला ओढलं, तो तोल जाऊन कुंपणाच्या काट्यांत पडला. डावा हात मोडला. चांगला होता तो हात. आता चमचाही मी धरते.

तीन वेळा लिहिलं तुला उन्हाळ्यात. उत्तर नाही. मला वाटलं, शिकली, मोठी झाली, आपली लाज वाटते तिला. ते तरी परवडलं असतं.

काल मिसेस बेडोज मामासाठी सूप घेऊन आल्या. त्याच्या उशाशी बसून म्हणाल्या, “रेज, आता लवकर बरा हो, नाताळला मला तुझ्या टर्कीवर रस्सा ओतत बसायचंय. तू आणि तुझी पोर त्या वेळी कुठे उलथायचात देव जाणे! तासभर मी आपली ओव्हनची राखण करतेय.”

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. “दरवर्षी?” म्हटलं. “अग, ती एवढीशी होती तेव्हापासून. कॉलेजात गेली तरी.” मी मामाकडे बघितलं. “पाणचक्कीला?” तर तो रडायलाच लागला. हो हो, हो हो.

बाईंना फाटकाचं काही माहीत नाही, त्या बिचाऱ्या ओव्हनपाशी. मामाला सांगता येत नाही. उरलं कोण? जूनमध्ये मी तुला सरळ विचारलं होतं. तू मला पोस्टमनकडे धाडलंस!

आता मी पण एक सांगते. तू कॉलेजला गेलीस त्या दिवशी मामा फलाटावर हुंदके देत होता आणि मी तुझ्या जुन्या कोटात उभी होते. जळले मी तेव्हा. पुढेही जळले. तुझी पत्रं आली की मामा ती छातीवर ठेवून झोपायचा, माझ्यासमोर. पण मी त्याच्यापासून कधी तुझं पत्र लपवलं नाही, लिन. एकदाही नाही.

टेसा


शेफील्ड
१७ सप्टेंबर

टेसा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. सारवासारव करणार नाही.

आपण लहान असताना तू आणि आत्या दोन दारं सोडून राहायचात. तुझे वडील निघून गेले होते, म्हणून बाबा मला सांगायचे, ‘टेसाला दे. टेसाला आधी.’ सायकल आधी तुला. जत्रेत त्यांच्या खांद्यावर आधी तू. ते योग्यच होतं, आणि मला ते योग्य वाटायचं, आणि तरीही मी रात्री उशीत तोंड खुपसून दात ओठ खायचे. फक्त नाताळच्या सकाळी तुम्ही दुपारच्या जेवणाला यायच्या आत, मिसेस बेडोजना ओव्हनपाशी बसवून बाबा मला म्हणायचे, ‘चल, लिन. बूट घाल.’ कुणालाही सांगायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं. पाणचक्कीच्या फाटकाशी ते सफरचंद कापायचे. अर्धं त्यांचं, अर्धं माझं. माझं ते खांबावर ठेवायचे, कारण मी लहान असताना फाटकावर चढून बसायचे आणि तिथून माझा हात पोचायचा.

तेव्हा ते अर्धं घोडीसाठी नव्हतं. तू एप्रिलमध्ये लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्या हातानं कापलेलं सफरचंद ते माझ्यासाठी ठेवतात, हे वाचून मला आधी रडू आलं आणि लगेच वाटलं, हे टेसाला कळता कामा नये. कळलं तर पुढच्या बुधवारी ती तेही खाईल.

आणि जूनमध्ये तू विचारलंस तेव्हा मनात आलं: ती वाट आता तिची, बाबा तिचे, फोटोतले वडीलसुद्धा तिचे. ही एक सकाळ उरलीय, ती मी काउंटीच्या कचेरीत नेऊन टाकू? पंचवीस जणांसमोर वाचून दाखवतील. ज्या आठवड्यात मी वर्गात ‘पायांनी मिळवलेला हक्क’ या विषयावर निबंध लिहवून घेतला, त्याच आठवड्यात मी तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं. बाबा रस्त्यानं चालताहेत हे मला माहीत होतं. तूच लिहिलं होतंस.

साक्ष काल संध्याकाळीच वकिलासमोर शपथेवर दिली आणि आज सकाळी कचेरीला रवाना केली. नक्कल सोबत आहे. त्यात सगळं आहे. मी चार वर्षांची होते तेव्हापासून गेल्या नाताळापर्यंत, बाबांना झटका येण्यापूर्वीच्या त्या सकाळपर्यंत, एकही नाताळ चुकला नाही. चर्चमागचं फाटक लाकडी खिट्टीचं, त्याला कुलूप अडकवायला कडीच नव्हती. चक्कीचं फाटक सुतळीनं बांधलेलं असायचं, ते सोडायचं काम माझं. मिस कॉर्फील्ड अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत असायची आणि ओरडायची, “रेज प्रीस, त्या पोरीला टोपी घाल!” आम्ही तिला कधी विचारलं नाही आणि तिनं कधी अडवलं नाही. सफरचंदाचंही लिहिलं आहे.

तू मला माफ कर असं म्हणत नाही. बाबांच्या हाताला माझ्यासाठी एकदा हात लाव.

लिन


ब्रॉकवर्डीन
२० नोव्हेंबर

प्रिय लिन,

सुटलो ग! फॅरंटांनी हरकत मागे घेतली. भाच्याला म्हणे वकिलानं विचारलं, कुलूप तुम्ही स्वतः बघितलं होतं का? तर तो नाताळला कधी इथे यायचाच नाही, मावशी ‘लावायला हवं’ असं म्हणायची एवढंच त्यानं ऐकलेलं. गुरुवारी साखळ्या निघाल्या. फॅरंट स्वतः तिकिटं घ्यायला काउंटरवर आले आणि म्हणाले, “तुमची बहीण फार बारकाईनं लिहिते. टोपीचा उल्लेख वाचून माझा वकील म्हणाला, आता भांडण्यात अर्थ नाही.” मी म्हटलं, शिकलेली आहे ती. मान ताठ करून म्हटलं, कळलं?

मामाचं प्लास्टर निघालं. काल त्याला नेलं. फाटकाशी पोचल्यावर मी सफरचंद कापलं आणि खांबावर मीच ठेवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. या वेळी मी खुळी असल्यासारखं नाही.

राग गेला असं म्हणत नाही. तुझी साक्ष दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा पहिल्या पानावर मला तुझ्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण नाताळला ये. तुम्ही दोघं जा तुमचे नेहमीसारखे. टर्की मी बघते, मिसेस बेडोजना या वर्षी सुटी. मला काही वाटणार नाही.

वाटेल. पण जा.

टेसा


शेफील्ड
२९ डिसेंबर

प्रिय टेसा,

पोचले. गाडीत जागा मिळाली, तू दिलेला केक डर्बी येण्याआधीच संपला.

तू नाताळच्या दिवशी सारखी विचारत होतीस, “लिन, तुझे बूट कुठायत? मामा टोपी घालून दारात उभा आहे.” मी म्हटलं, विसरले. तू म्हणालीस, “माझे घाल.” तर मी म्हटलं, लहान होतात. मग तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, “तमाशे करू नकोस, घराण्यातली विदुषी!” आणि शेवटी वैतागून एप्रन माझ्या अंगावर फेकून तूच त्यांच्याबरोबर निघालीस.

तुम्ही चर्चमागे वळेपर्यंत मी खिडकीशी होते. त्यांनी उजवा हात तुझ्या हातात दिला होता. आपण होऊन दिला. मला वाटलं होतं, आता पोटात दुखायचं नाही. दुखलं. चांगलं दुखलं. टर्कीवर रस्सा ओतताना अर्धा माझ्या पायावर सांडला.

परत आल्यावर तू खिशातून अर्धं सफरचंद काढून माझ्यापुढे ठेवलंस. काळं पडलेलं, खिशातल्या लोकरीचे धागे चिकटलेले. म्हणालीस, “या वेळी त्यानं खांबावर ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं. पण हे तुझं आहे.” मी बाबांकडे बघितलं. ते आपल्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होते, जणू आता कुठली तरी सायकल कुणाला आधी द्यायची ते ठरवायचंय. म्हणून मी म्हटलं, “तुझ्या हातात दिलं ना? खा मग.” तू खाल्लंस. धाग्यांसकट. आणि बाबा म्हणाले, “हो हो.” या वेळी त्याचा अर्थ मला कळला, असं मी धरून चालले आहे.

हॅलमबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. सुटीआधीच्या शेवटच्या तासाला मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग राहू दे. रविवारी मैत्रिणी मला टेकडीकडे फिरायला नेणार आहेत, पण माझ्याकडे धड जोडे नाहीत.” मी त्यांच्या पावलांकडे बघितलं. आमचं माप एकच आहे.

मी विसरले नव्हते, टेसा. तुला त्यांच्याबरोबर पाठवायचं हे मी आधीच ठरवलं होतं, पण नाताळच्या सकाळी माझं मन पालटेल याची मला खात्री होती. म्हणून गावाकडची गाडी धरण्याआधीच बूट हॅलमबाईंना देऊन टाकले होते.

तुझी,
लिन